कैरीला दगड मारला आणि दंड मोडला

एप्रिल उजाडला की चिपळुणातल्या आमच्या दवाखान्यात मोडलेल्या हातांची रांग लागते. मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं आणि गावची पोरं मिळून चढण्यासारखं जे जे दिसेल त्यावर चढतात आणि तिथून पडतात. कुणाचं मनगट जातं, कुणाचं कोपराच्या वरचं हाड. त्यात नवल काही नाही. पण दोन-तीन वर्षांतून एखादं पोर असं येतं, की त्याच्या हकिगतीत पडणंच नसतं.

असाच एक नऊ वर्षांचा. उजवा हात डाव्या हातानं छातीशी धरून आला.

"काय केलंस?"

"रायवळाला दगड मारला."

"मग?"

"कैरी नाही पडली."

मागून आजोबा म्हणाले, "डॉक्टर, झाडावरनं पडला असणार. मार बसेल म्हणून सांगत नाही."

पोरगा रडकुंडीला आला. "आईशप्पथ नाही पडलो. हात मागे नेला, जोरात फेकला आणि आत कट्ट वाजलं."

मी पोराच्या बाजूचा. दगड फेकून निरोगी मुलाचा दंड मोडत नाही. मोडलाच, तर हाड आधीपासून आतून पोखरलेलं असतं. एक्स-रे फोटो काढला. खांद्याच्या खाली हाडात लांबट पोकळी, भिंत अंड्याच्या टरफलाएवढी पातळ आणि त्या भिंतीला आडवी चीर. आजोबांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवला.

अशा मुलांच्या आईवडलांना मी जे तोंडी सांगतो ते आज लिहून काढतोय. तोंडी सांगितलेलं निम्मं दारापर्यंतसुद्धा जात नाही, कारण 'ट्यूमर' हा शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकूच येत नाही.

आधी त्या शब्दाचं बघू. रिपोर्टवर 'बिनाइन लायटिक लिजन' किंवा 'बिनाइन बोन ट्यूमर' असं छापून येतं. लायटिक लिजन म्हणजे हाड विरलेली जागा, ट्यूमर म्हणजे गाठ आणि बिनाइन म्हणजे जिथे आहे तिथेच राहणारी, शरीरभर न पसरणारी. म्हणजे कॅन्सर नव्हे. मुलांच्या दंडात सगळ्यात जास्त सापडते ती तर धड गाठही नसते. ती पाण्यानं भरलेली पिशवी असते. तिला आम्ही सिंपल बोन सिस्ट म्हणतो. काही कागदांवर युनिकॅमरल बोन सिस्ट किंवा नुसतं यूबीसी लिहिलेलं असतं. तिन्ही एकच. ही वाढीच्या वयात होते, मुलींपेक्षा मुलांत साधारण दुप्पट, आणि शरीरातली तिची सगळ्यात आवडती जागा म्हणजे दंडाच्या हाडाचं खांद्याकडचं टोक. दुखत नाही, सुजत नाही, ताप नाही. हाड मोडेपर्यंत बहुतेकांना ती आहे याचा पत्ताच नसतो. जर्मनीच्या विर्शोनं १८७६ साली तिचं वर्णन केलं, पण ती नेमकी का होते याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडे नाही. तेव्हा "लहानपणी हाताला धरून उचलत होतो, त्यानं झालं का?" हा प्रश्न मनातून काढून टाका. नाही, त्यानं झालेलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत

ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवा. दुसरी ओढणी दंडासकट छातीभोवती गुंडाळा, म्हणजे रिक्षाच्या धक्क्यांना हात हलणार नाही. कडं, अंगठी, मनगटावरचा दोरा लगेच काढा. तासाभरात सूज चढली की कापावा लागतो. शर्ट डोक्यावरून ओढून काढायचा नाही, सरळ कात्री लावायची. पाणी-खाणं डॉक्टर बघेपर्यंत थांबवा, कारण कधी कधी भूल द्यावी लागते आणि पोटात वडापाव असला की सगळेच खोळंबतात.

एक गोष्ट मात्र घरातच बघा. मुलाला म्हणा, "अंगठा वर करून दाखव." मग मनगट वर उचलायला सांगा. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते आणि या दोन्ही हालचाली तिच्या ताब्यात असतात. मनगट लुळं पडलं असेल तर पोचल्या पोचल्या ते पहिलं सांगा, हाताला कुणी हात लावण्याआधी. घाबरू नका, साध्या, न उघडलेल्या फ्रॅक्चरमध्ये ही नस बहुतेक वेळा हळूहळू आपणहून जागी होते. पण ती आधी दुखावली की नंतर, हे कळलेलं बरं. बोटं गार किंवा पांढरी पडली असतील तर मात्र एक मिनिटही घालवू नका.

हाडवैद्यांच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांतला मी नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या वैद्यानं बसवलेले खांदे मी पाहिलेत. पण पोकळ हाड ही वेगळी गोष्ट आहे. चोळणं, ओढणं, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधणं यातलं काहीही इथे चालत नाही. आणि पोकळीऐवजी आत वाईट, म्हणजे कॅन्सरची, गाठ निघाली, तर तेल लावून चोळण्यासारखा दुसरा घात नाही. कांडवेलीचा लेप लावायचाच असेल तर तो सहा आठवड्यांनी. तोवर हाड जुळलेलं असतं आणि श्रेय वेलीला मिळतं, माझी हरकत नाही.

फोटो कसा हवा

'खांद्याचा एक फोटो' पुरत नाही. दोन बाजूंनी हवा आणि खांद्यापासून कोपरापर्यंत पूर्ण हाड दिसलं पाहिजे. मोबाइलवरचा फोटोचा फोटो सल्ल्यासाठी ठीक, निर्णयासाठी मूळ फिल्म किंवा सीडी लागते.

त्या फोटोत मी चार गोष्टी शोधतो. हाडाच्या कुठल्या भागात आहे? हाडाचं काय करतेय? हाड तिला उत्तर काय देतंय? आणि तिच्या आत काय आहे? अमेरिकेतले एन्किंग नावाचे हाडाच्या गाठींचे मोठे सर्जन होऊन गेले, हे प्रश्न त्यांचे. साधी पोकळी हाडाच्या मधोमध असते, वाढीच्या पट्टीला (हाड जिथून लांबीत वाढतं ती टोकाजवळची कूर्चेची पट्टी) टेकून किंवा जरा खाली, कडा रेखीव, आणि ती हाडाला फार फुगवत नाही. कधी कधी भिंतीचा तुटलेला कपचा पाण्यातून खाली जाऊन पोकळीच्या तळाशी बसलेला दिसतो. हा कपचा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. आत मांसल गाठ असती तर कपचा खाली पडलाच नसता. पडला म्हणजे आत पाणीच. मात्र तो दर वेळी दिसतो असं नाही, न दिसणाऱ्यांचीच संख्या मोठी.

एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. फोटो नमुनेदार असेल तर मी सांगत नाही. ताज्या फ्रॅक्चरनंतर पोकळीत रक्त उतरतं, त्याचे थर एमआरआयमध्ये दिसतात आणि रिपोर्टमध्ये नसती नावं येतात. मग घरात तीन रात्री कुणी झोपत नाही. शंका असेल तेव्हा मात्र एमआरआय हवाच.

शंका कधी? हाड मोडण्याच्या आधी आठवडे-महिने तिथे दुखत होतं, विशेषतः रात्री झोपेतून उठवेल असं. आधीपासून सूज होती. वजन उतरलंय, ताप येतोय. फोटोत कडा रेखीव नाहीत, वाळवी लागल्यासारख्या आहेत. हाडाच्या बाहेर सूर्यकिरणांसारख्या रेघा किंवा कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर आहेत, बाजूला मांसाची सावली आहे. यातलं एकही असेल तर गावात थांबायचं नाही आणि गावच्या डॉक्टरनंही थांबवायचं नाही. हाडांच्या गाठींचंच काम करणाऱ्या सर्जनकडे जायचं. टाटाला पाठवलं म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. परळच्या त्या इमारतीतून 'काही नाही, घरी जा' हे ऐकून परतणारेही असतात.

तपासणीसाठी तुकडा काढायची वेळ आलीच, तर तो पुढचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच काढलेला बरा. सुई किंवा छेद चुकीच्या जागी गेला तर पुढे त्या वाटेवरची कातडी आणि स्नायूही काढावे लागतात. आमच्या धंद्यातली ही गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

"पक्कं प्लास्टर का नाही घातलं?"

हा प्रश्न मला हमखास येतो. दंड मोडलाय आणि डॉक्टरांनी नुसती पट्टी गळ्यात अडकवली, म्हणजे डॉक्टर कच्चा, असा हिशोब.

खांद्याजवळच्या हाडाला पक्कं प्लास्टर नीट घालताच येत नाही. तिथे काम करतं ते हाताचं स्वतःचं वजन. कॉलर-कफ लावला, म्हणजे मनगट गळ्याशी आणि कोपर मोकळं लोंबतं ठेवलं, की ते वजन हाडाला खाली ओढून बरंचसं सरळ आणतं. मोड खालच्या, दंडाच्या मधल्या भागात असेल तर इंग्रजी यूच्या आकाराचं कच्चं प्लास्टर घालतो. आणि हाड थोडं वाकडं जुळलं तर? दंडाची साधारण ८० टक्के लांबी खांद्याकडच्या वाढीच्या पट्टीतून येते. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलाचं हाड पुढच्या वर्षा-दोन वर्षांत तो बाक स्वतःच पुसून टाकतं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एवढी सूट मिळत नाही.

पहिले दहा दिवस घरच्यांचे कठीण. आडवं झोपवू नका. पाठीमागे उशा रचून आरामखुर्चीत बसल्यासारखं झोपवा. आडवं झोपलं की हाताचं वजन ओढायचं थांबतं आणि मोडलेली टोकं एकमेकांवर घासतात. पोर रात्री ओरडून उठतं ते त्यामुळे. कोपराखाली उशी देऊन हात वर ढकलायचा मोहही आवरा. काखेत आमच्याकडच्या दमट हवेत चार दिवसांत पुरळ येतं. मुलाला कमरेतून किंचित पुढे वाकायला सांगा, हात आपोआप अंगापासून सुटतो. मग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा आणि सुती रुमालाची घडी काखेत ठेवा. शर्ट बाबांचा, पुढून बटणांचा. दुखण्यावर पॅरासिटामॉल, मुलाच्या वजनावर मोजलेलं. बोटं, मनगट दिवसातून पाच-सहा वेळा हलवायला लावा. चौथ्या-पाचव्या दिवशी दंडापासून कोपरापर्यंत निळं-हिरवं उतरतं, ते पाहून धावत येऊ नका. आतलं रक्त खाली उतरतंय, एवढंच.

पहिल्या आठवड्यानंतर एक फोटो, जागेवरून हललं नाही ना हे बघायला. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जुळणीचं नवं हाड दिसू लागतं. मग पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून झुलवायचा व्यायाम. सहा आठवड्यांत झोळी सुटते. पोकळीमुळे हाड जुळायला वेळ लागेल, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. ते इतर मुलांसारखंच वेळेवर जुळतं.

घोटाळा इथे होतो

हाड जुळणं आणि पोकळी भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ नक्की होते, दुसरी क्वचित. मोडल्यामुळे पोकळी आपणहून पूर्ण भरून आली असं दहांतल्या एखाद-दुसऱ्या मुलातच होतं. बाकीच्यांत चीर बुजते आणि पोकळी तशीच राहते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी एकदा फसलो. दवाखाना टाकून दोनच वर्षं झाली होती. एका मुलीचा हात सुरेख जुळला, आईवडील पेढे घेऊन आले आणि मी त्या पेढ्यांच्या भरात म्हणून गेलो, "झालं, आता खेळू दे." सात महिन्यांनी तोच हात, तीच जागा. दप्तर खांद्यावर टाकताना मोडला. वडील चिडले नाहीत. त्यांनी जुना फोटो आणि नवा फोटो माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि गप्प बसून राहिले. जुन्या फोटोत पोकळी जशीच्या तशी दिसत होती. मी फक्त जुळलेल्या चिरेकडे पाहिलं होतं. तेव्हापासून झोळी सुटली की मी फाइलवर लाल पेनानं पुढच्या तीन तारखा लिहितो: तीन महिने, सहा महिने, वर्ष. तुमच्या फाइलवर त्या नसतील तर मागून घ्या.

तीन महिन्यांच्या फोटोत मी ठरवतो. पोकळी लहान होतेय, भिंत जाड होतेय, वाढीच्या पट्टीपासून लांब सरकलीय? मग काहीच करायचं नाही. अठराच्या आसपास वाढ थांबली की उरलीसुरली पोकळीही बहुतेक वेळा शांत होते. दंड पायासारखा अंगाचा भार वाहत नाही, त्यामुळे थांबायला वाव असतो. पण पट्टीला टेकून बसलेली, हाडाची जवळजवळ सगळी रुंदी खाल्लेली, पातळ भिंतीची पोकळी पुन्हा मोडणार असं धरून चालतो. एकदा परत मोडलं असेल तर मी वाट बघत नाही.

करायचंच ठरलं तर

सगळ्यात छोटा उपाय इंजेक्शनचा. इटलीतल्या स्कालिएत्तींनी तो १९७०च्या दशकात रूढ केला. भूल देऊन, सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत पोकळीत सुई घालायची. साधी पोकळी असेल तर सुईतून पिवळसर, गवती चहाच्या रंगाचं पाणी येतं. तो रंग हा एक पुरावाच असतो. लाल भडक रक्त जोरात आलं तर मी थांबतो आणि निदान पुन्हा तपासतो. मग दुसरी सुई घालून पोकळी धुवायची आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सोडायचं. मुलगा त्याच दिवशी घरी. 'स्टेरॉइड' ऐकून दचकू नका, रोज गोळी घेण्यासारखं हे नाही. अडचण वेगळीच आहे: एका इंजेक्शननं क्वचितच भागतं, दोन-तीन महिन्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावं लागतं आणि तरीही खात्री नाही. मधल्या काळात स्टेरॉइडपेक्षा रुग्णाच्याच कमरेच्या हाडातला मगज टोचावा अशी लाट आली होती. २००८ साली छापलेल्या एका अभ्यासात दोन्हींची चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्यांतले ४२ टक्के भरले होते, मगजवाल्यांतले २३. म्हणजे जिंकलेला उपायसुद्धा निम्म्याच्या खालीच. हा आकडा मी पालकांना आधीच सांगतो.

दुसरा उपाय लवचिक तारांचा, टायटॅनियमच्या. कोपराच्या वर बाहेरच्या बाजूला छोटा छेद घेऊन दोन तारा हाडाच्या पोटातून वर खांद्याकडे सरकवायच्या, पोकळीतून आरपार. यानं दोन कामं होतात. तारा हाडाला आतून आधार देतात, मुलगा लवकर हात वापरू लागतो. आणि पोकळीला खालच्या मगजाकडे वाट फुटते, आतला दाब उतरतो, तिथून नवं हाड चढतं. माझा कल इकडे आहे, विशेषतः उजवा हात असेल, पोर धसमुसळं असेल आणि हाड दुसऱ्यांदा मोडलं असेल तर. तारा महिनोन्‌महिने राहू द्याव्या लागतात. कोपरापाशी टोक टोचतं म्हणून मुलं कुरकुरतात. तेवढ्यावरून तारा काढायची घाई केलेली मी पाहिलीय आणि पोकळी परत उघडलेलीही.

तिसरा, पोकळी उघडून अस्तर खरवडून काढायचं आणि आत हाडाची भर घालायची. भर कमरेच्या हाडाची किंवा कॅल्शियम सल्फेटसारख्या कृत्रिम दाण्यांची. पोकळी वाढीच्या पट्टीला अगदी चिकटलेली असेल तर इथे हात फार जपून चालवावा लागतो. पट्टी दुखावली तर तो दंड दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो. खरं तर पोकळीमुळे किंवा फ्रॅक्चरमुळेही कधी थोडा आखूडपणा येतो. शर्टाच्या बाहीत कळतो, कामात अडत नाही.

दूध, अंडी, नाचणी, उन्हात खेळणं, ड जीवनसत्त्व कमी असेल तर त्याचं औषध, हे सगळं जरूर करा. हाड जुळायला मदत होते. पोकळी मात्र त्यानं भरत नाही.

पाण्याऐवजी दुसरं काही निघालं तर

रक्तानं भरलेल्या, हाडाला फुग्यासारखं फुगवणाऱ्या पोकळीला अॅन्युरिझमल बोन सिस्ट म्हणतात. नावात सिस्ट असली तरी ही साध्या पोकळीची बहीण नव्हे. वाढते, दुखते, परत परत येते. हिचा तुकडा तपासल्याशिवाय उपचार सुरू करू नयेत, कारण हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार फोटोत हुबेहूब हिच्यासारखा दिसतो. इलाज म्हणजे खरवडून, बर नावाचं बारीक ड्रिल आतून फिरवून, भर घालणं. किंवा आत पोलिडोकॅनॉल हे औषध टोचून ती आटवणं. या टोचण्याच्या पद्धतीवर दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी चांगलं काम केलंय, २००६ साली त्यांनी ७२ रुग्णांचा अनुभव छापला होता.

फायब्रस डिस्प्लेशियात हाडाच्या जागी तंतुमय भुसा भरलेला असतो, फोटोत धुरकट काचेसारखा दिसतो. त्यात कमरेचं मऊ हाड भरलं तर शरीर तेही खाऊन टाकतं. म्हणून तिथे आधार महत्त्वाचा, सळीचा किंवा कठीण हाडाच्या पट्टीचा.

मोठ्या माणसाचा दंड असा मोडला तर

वरचं सगळं मुलांचं. कळशी उचलताना, बसचा दांडा धरताना, कपडे पिळताना मोठ्या माणसाचा दंड मोडला, तर माझी विचार करायची दिशाच उलटी होते. विशी ते चाळिशीत खांद्याच्या सांध्याला लागून गाठ असेल तर जायंट सेल ट्यूमर मनात येतो. तो साध्या गाठींतच मोजतात, पण हाड भराभर खातो. हाडात चुन्याच्या ठिपक्यांसारखी खडी दिसली तर कूर्चेची गाठ, एन्कॉन्ड्रोमा. ती बहुधा वर्षानुवर्षं गप्प असते, दुखायला लागली तर तज्ज्ञाला दाखवायची. आणि चाळिशीच्या पुढे, दुसरं सिद्ध होईपर्यंत, दुसरीकडचा कॅन्सर हाडात उतरलाय किंवा मायलोमा (हाडातल्या मगजाचा कॅन्सर) आहे असंच धरून तपासायचं.

एक तपासणी स्वस्त आहे आणि तीच राहून जाते: रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन. गळ्यातली वाटाण्याएवढी ग्रंथी बिघडली तरी हाडांत ठिकठिकाणी गाठींसारखे खड्डे पडतात. तिथे इलाज गळ्याचा करायचा असतो. हाड खरवडून काही होत नाही.

मोठ्या माणसांच्या नातेवाइकांना माझं एकच पालुपद असतं: रॉड टाकायची घाई करू नका. दंडाचं हाड कच्च्या प्लास्टरमध्ये आठ-दहा दिवस निवांत थांबतं. आत काय आहे ते न कळता वरून खालपर्यंत रॉड ठोकला आणि नंतर वाईट गाठ निघाली, तर ती अख्ख्या हाडभर पसरवल्यासारखं होतं. जो हात वाचला असता तो कधी कधी गमवावा लागतो. "आजच्या आज करून टाका, उद्या मुलाला मुंबईला परत जायचंय" हा आग्रह मी अनेकदा ऐकलाय. एकदा मानणारही होतो. भूलतज्ज्ञ बाईंनी फोटो वर धरून विचारलं, "सर, हे नक्की साधं फ्रॅक्चर आहे?" त्या दिवशी मी ग्लोव्हज काढून बाहेर आलो.

खर्चाचं

झोळीवर भागलं तर खर्च नगण्य. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते ॲडमिट होण्याआधी विचारा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि मूळ फोटो घेऊन थेट तिथे जा. मंजुरीला दिवस लागतात आणि वर म्हटलं तसं, हाडाला तेवढा धीर असतो.

खेळायचं कधी?

कॅरम झोळी असतानाच, दुसऱ्या हातानं. पोहणं हाड जुळल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. खांदा मोकळा व्हायला त्यासारखं काही नाही. सायकल तीन महिन्यांच्या फोटोनंतर. बॉलिंग, भालाफेक, कबड्डी, पंजा लढवणं आणि गोविंदाचा थर, हे पोकळीची भिंत जाड झालेली दिसेपर्यंत बंद. पंजा लढवण्यात दंडाला जो पीळ पडतो त्यानं चांगली हाडंसुद्धा मोडतात. शाळेच्या पीटी सरांना चिठ्ठी द्या, तोंडी निरोप पोचत नाही. पोराला कायमचं कोंडून मात्र ठेवू नका. माझ्या त्या कैरीवाल्याला आईनं दोन महिने अंगणात सोडलं नाही, तर तो डाव्या हातानं दगड मारायला शिकला. नेमही चांगला बसला म्हणे.

राहिले फोटो. ते सगळे, पहिल्यापासूनचे, तारीखवार सांभाळायचे, कारण एकटा फोटो काही बोलत नाही. आधीच्या शेजारी ठेवला की बोलतो. आमच्याकडे पावसात फिल्म एकमेकींना चिकटतात आणि सोडवताना नेमकी पोकळीच्या जागेची शाई उडते. प्रत्येक दोन फिल्ममध्ये कोरा कागद घाला, जाड पाकिटात ठेवा आणि ते पाकीट ट्रंकेत नको, माळ्यावरही नको. दाराच्या मागे खिळ्याला उभं टांगा. आणि आगोट लागायच्या आत प्रत्येक फिल्म खिडकीच्या काचेवर धरून मोबाइलवर एकेक फोटो काढून ठेवा.